एप्रिल एकच, भाडी दोन



या विषयावर लिहायला घेतले तेव्हा आमच्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले, "आता हाच विषय उरला का जी? आरक्षणावर लिहा, खाजगीकरणावर लिहा. खोलीच्या पंधरा दिवसांच्या भाड्यावर कायले लिहून राहिले?" तेव्हा आम्ही गप्प बसलो, कारण उत्तर लांबलचक होते. ते आता देतो.

गोष्ट कारध्याची आहे. भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे कारधा. लाखनी-साकोलीकडच्या खेड्यांतून भंडाऱ्याला शिकायला येणारी आपली मुले शहरात खोली परवडत नाही म्हणून नदीच्या या काठाला राहतात. अशाच एका मुलाला मागच्या वर्षी एक खोली मिळाली. आईबाप शेतमजूर. भाडे महिना 2,400 रुपये, लाईटबिल वेगळे. किल्ली मिळाली 19 जुलैला. घरमालकांनी जुलैचे भाडे मागितले, पूर्ण 2,400. मुलगा म्हणाला, "काकाजी, अठरा दिवस तर गेले." काकाजी म्हणाले, "महिना म्हणजे महिना. अर्धा-पाऊण आमच्याइथं चालत नाही. रिवाजच आहे तसा." मुलाने पैसे दिले. परीक्षा संपली आणि 12 एप्रिलला त्याने खोली सोडली. सोडणार असल्याचे 20 मार्चलाच सांगून ठेवले होते. तरी एप्रिलचे पूर्ण 2,400 रुपये 1 तारखेला घेतले गेले होते, त्यातला एक रुपया परत आला नाही. 16 एप्रिलला त्याच खोलीत दुसरा मुलगा आला. त्याच्याकडूनही एप्रिलचे पूर्ण 2,400 घेतले.

एका खोलीला एका एप्रिलची दोन भाडी मिळाली. खोली रिकामी राहिली तीन दिवस, 13, 14 आणि 15. दिवसाला 80 रुपये धरले तर काकाजींचे नुकसान 240 रुपयांचे. ते भरून काढायला त्यांनी दोन पोरांकडून मिळून 4,800 घेतले. दिवस मोजले असते तर पहिल्याचे 12 दिवसांचे 960 आणि दुसऱ्याचे 15 दिवसांचे 1,200, असे 2,160 झाले असते. बाकी 2,640 रुपये कशाचे, याला 'रिवाज' याखेरीज दुसरे उत्तर नाही.

आता पहिल्या मुलाचा पूर्ण हिशोब करू. जुलैत तो 19 ते 31 राहिला. इथे बरेच जण 31 मधून 19 वजा करून 12 म्हणतात. ते चूक आहे. 19 तारीखही धरायची असते, म्हणजे 13 दिवस. जुलैचे दिवस 31. म्हणून 2,400 भागिले 31 गुणिले 13, म्हणजे 1,006 रुपये 45 पैसे. एप्रिलचे 960. दोन्ही मिळून त्याचे देणे 1,966 रुपये 45 पैसे. त्याने दिले 4,800. जास्तीचे गेले 2,833 रुपये 55 पैसे.

ही रक्कम ज्यांना किरकोळ वाटते त्यांनी ती आपल्या पोरांच्या मापाने मोजून पाहावी. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वर्षाला 43,000 रुपये ठरले, त्यात निवासाचे फक्त 12,000. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाने या बारा हजारांत वर्षभर डोक्यावर छप्पर धरायचे. त्या बारा हजारांचा जवळजवळ चौथा हिस्सा अशा दिवसांच्या भाड्यात गेला, ज्या दिवशी तो खोलीत नव्हताच. ही योजना मिळवायला, टिकवायला आणि रखडलेले हप्ते सोडवून घ्यायला आपल्या संघटनांनी किती निवेदने दिली, किती वेळा समाजकल्याणच्या दारात बसलो. आणि मिळालेला पैसा कुठे गळतो, हे कधी पाहिले नाही.

महिन्याच्या मध्ये आलेल्या-गेलेल्याचे भाडे मोजायच्या तीन रीती आहेत. काही जण महिना कोणताही असो, 30 ने भागतात. काही जण वर्षाचे भाडे काढून 365 ने भागतात. आणि काही जण त्या महिन्याचे जितके दिवस असतील तितक्याने भागतात. वरच्या 13 दिवसांचे तीन रीतींनी अनुक्रमे 1,040, 1,025.75 आणि 1,006.45 होतात. फरक फार तर 34 रुपयांचा. त्यावरून भांडू नये. दिवस मोजण्यात आणि न मोजण्यात मात्र 1,394 रुपयांचा फरक आहे, भांडायचे ते त्यावर. आम्हाला तिसरी रीत सरळ वाटते. 30 ने भागल्यास 30 जुलैला खोली सोडणाऱ्याला पूर्ण महिन्याचे भाडे पडते आणि 31 तारीख फुकट जाते. फेब्रुवारीत उलटे होते, तिथे भाडेकरूचा फायदा होतो. रीत कोणतीही घ्या, पण आत येताना एक आणि बाहेर जाताना दुसरी, असे चालू देऊ नका. येताना 30 चा भाव आणि जाताना 'महिना म्हणजे महिना', हेच आपल्याकडे सर्रास चालते.

'रिवाज' या शब्दापाशी आंबेडकरी माणसाने थबकलेच पाहिजे. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली आपली माणसे पाणी प्यायली, तेव्हा तिथल्या सवर्णांनी कोर्टात हेच मांडले होते की अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचे नाही असा फार जुना रिवाज आहे. दहा वर्षे ते प्रकरण चालले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की असा अनादी काळापासूनचा रिवाज सिद्ध झालेला नाही. बाबासाहेब त्यात प्रतिवादी होते. म्हणजे रिवाज आहे असे म्हणणाऱ्यालाच तो सिद्ध करावा लागतो, हे आपण तळ्याच्या पाण्यावर मिळवलेले आहे. मग खोलीच्या दारात कोणी 'रिवाज' म्हटले की आपण मान खाली घालून पाकीट का काढतो?

कारण उघड आहे. खोलीच मुळात मुश्किलीने मिळालेली असते. भंडाऱ्यात काय, नागपुरात काय, पुण्यात काय, फोनवर सगळे ठरते, भाडे ठरते, डिपॉझिट ठरते, आणि शेवटी प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितले की खोली कालच गेलेली असते. अशा चार दारांवरून परतलेल्या पोराला पाचव्या दारी किल्ली मिळते, तेव्हा तो अठरा दिवसांचा हिशोब मागत नाही. मागितला तर किल्ली परत जाईल, ही भीती असते. घरमालकालाही ती दिसते. ज्याला दहा घरे खुली आहेत तो घासाघीस करतो. ज्याला एकच दार उघडले तो 19 तारखेलाही पूर्ण जुलै भरतो. जातीची किंमत अशी रुपया-पैशांत वसूल होते, आणि तिला कोणी जात म्हणत नाही, रिवाज म्हणतात.

बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव आपल्या सर्वांना पाठ आहे, पण त्यातला भाड्याचा भाग आपण सोडून देतो. 1917 साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. राहायला जागा नव्हती म्हणून पारशी सराईत पारशी नाव नोंदवून राहिले. सराईच्या रखवालदाराशी ठरले होते राहण्या-जेवण्याचे दिवसाला दीड रुपया. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हा दर स्वतः नोंदवला आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. पैशांचा वाद नव्हता, दिवसाचा दर ठरलेला होता. ज्या जागेला मनात आणले तर दिवसाचा भाव लावता येतो, तिथे आपल्यासाठी महिन्याचा का लावतात, हे विचारायला हवे. ज्या माणसाने अपमानाच्या आठवणीतही दीड रुपयाचा दर लिहून ठेवला, त्याचे अनुयायी 'एवढ्याशा पैशांसाठी काय बोलायचे' म्हणतात, हे आम्हाला कळत नाही.

आता कायदा पाहू. आपल्या पोरांना हे पाठ असले पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याचे कलम 36 असे सांगते की घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले, तर वेगळा करार किंवा स्थानिक रिवाज नसेल तिथे त्या दोघांमध्ये भाडे दिवसागणिक जमा होत गेले असे धरायचे आणि त्याप्रमाणे वाटायचे. म्हणजे घर महिन्याच्या मध्ये विकले, तर जुना मालक आणि नवा मालक एकमेकांत दिवस मोजतात. मालक-मालकांत भाडे दिवसाचे असते, भाडेकरू आला की ते महिन्याचे होते! हे कलम भाडेकरूला थेट लागू होत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण भाड्याचे दिवस पाडताच येत नाहीत, असे म्हणणाऱ्याच्या तोंडावर ठेवायला ते पुरेसे आहे.

त्याच कायद्याचे कलम 106 थेट कामाचे आहे. वेगळा करार नसेल तर राहायच्या घराची भाडेवट महिन्या-महिन्याची धरली जाते आणि 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. पूर्वी ही नोटीस भाडे-महिन्याच्या शेवटालाच संपावी लागे, म्हणून मध्येच निघणाऱ्याला पूर्ण महिना पडायचा. 2002 च्या दुरुस्तीने ती अट काढली. आता 15 दिवस नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे भाडेवट 12 तारखेलाही संपू शकते. 'महिना म्हणजे महिना' याचा उरलासुरला आधार तेव्हाच गेला, पण ती बातमी घरमालकांपर्यंत पोचली नाही आणि आपण पोचवलीही नाही. नोटीस लेखी द्यायची. आपल्या मुलाने 20 मार्चला तोंडी सांगितले, तिथे तो चुकला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. घेतलेल्या पैशांची पावती देणेही घरमालकावर बंधनकारक आहे. मात्र हा कायदा प्रत्येक खेड्याला सरसकट लागू नाही. कोणत्या गावाला लागू ते त्याच्या परिशिष्टांत दिलेले असते, म्हणून त्याच्या जोरावर बोलण्याआधी आपले गाव त्यात आहे का ते पाहून घ्या. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असे एजंट सांगतात. ते नोंदणी कायद्यातल्या वर्षभराच्या मर्यादेवरून आलेले आहे. भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे ती पळवाट चालत नाही.

पुराचेही याच ओघात सांगतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेने भंडारा शहर आणि नदीकाठची गावे बुडवली. भाड्याने राहणाऱ्या किती घरांत गाळ भरला, किती जण शाळेत झोपले. एका बाईंनी आम्हाला तेव्हा विचारले होते की घरात राहिलोच नाही त्या दिवसांचे भाडे द्यायचे का. आम्हाला उत्तर आले नव्हते. आता वाचून सांगतो. पुराने घर कायमचे निकामी झाले तर भाडेकरू भाडेवट रद्द करू शकतो, असे 1882 च्या कायद्याच्या कलम 108 मध्ये आहे. आठ-दहा दिवस चिखल होता, एवढ्यासाठी त्यात काही नाही. म्हणून नदीकाठच्या माणसाने ते करारातच लिहून घ्यावे, की घर राहण्याजोगे नसेल तितक्या दिवसांचे भाडे वजा.

या काकाजींचे आडनाव आम्ही अजून सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. पण वाचताना तुम्ही त्यांना मनातल्या मनात कोणत्या जातीचे धरले होते? ते आपलेच आहेत. बौद्ध आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, घरात बाबासाहेबांचा हारातला फोटो, जयंतीच्या वर्गणीत पहिले नाव. ज्या 14 एप्रिलला त्यांनी निळा फेटा बांधला, त्या 14 एप्रिलचे भाडेही रिकाम्या खोलीवर दोघांकडून घेतले होते.

इथे आमच्यावर रागावणारे रागावतील. 'आपलीच माणसे उघडी पाडता' म्हणतील. पण आरक्षणातून नोकरी लागली, नोकरीतून घर झाले, घरावर दोन खोल्या चढल्या आणि त्या खोल्यांत आपलीच गरीब पोरे आली, हा आपल्या चळवळीचाच पुढचा टप्पा आहे. सवर्णाच्या घरी आडनाव विचारून हाकलले जाणारे पोर आपल्या माणसाच्या घरी येते, कारण तिथे आडनाव विचारत नाहीत. त्याला दुसरे दार नाही, हे सवर्ण घरमालकाला कळते तितकेच आपल्या काकाजींनाही कळते. त्याच गोष्टीचा फायदा आपल्यातला माणूस घेतो तेव्हा त्याला काय म्हणायचे, ते तुम्हीच ठरवा. ब्राह्मणशाही ही एका जातीपुरती नाही, ती सर्वांत शिरलेली आहे, असे बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर सांगितले होते. आपण ते भाषणांत वापरतो, खोलीच्या दारात विसरतो.

काकाजींची बाजूही आहे, ती ऐकली पाहिजे. घराचे कर्ज आहे, हप्ता दर महिन्याला जातो, बँक म्हणत नाही की या महिन्यात खोली तीन दिवस रिकामी होती. बरोबर. पण बँक दिवस मोजते! बचत खात्याचे व्याज पूर्वी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरीपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर देत. 11 तारखेला पैसे भरले तर त्या महिन्याचे व्याज नाही. रिझर्व्ह बँकेने हे बदलले आणि 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजायला लावले. काकाजींच्या पेन्शनच्या खात्यावर दिवसाचा हिशोब चालतो. नोकरीवर ते 19 तारखेला रुजू झाले असते तर पगारही 13 दिवसांचाच निघाला असता, आणि एक दिवस बिनपगारी गेला तर एकाच दिवसाचा कापला गेला असता. सगळ्या देण्या-घेण्यात दिवस मोजणाऱ्या माणसाला भाड्यापुरताच महिना आठवतो. न सांगता कोणी निघून गेला तर नोटिशीच्या दिवसांचे भाडे घ्यावे, त्याला आमचा विरोध नाही. खोलीच्या भाड्यावरच चूल चालणारी एखादी विधवा मावशी असेल तर तिला वेळेत सांगणे हे भाडेकरूचे काम आहे. पण सांगितले, दिवस भरले, दुसरा भाडेकरूही आला, तरी पूर्ण महिना?

म्हणून खोली घेताना एवढे करा. किल्ली ज्या तारखेला हातात येते ती लिहून घ्या, सामान केव्हा आले ते महत्त्वाचे नाही. करारात एक ओळ टाका: महिन्याच्या मध्ये खोली घेतल्यास किंवा सोडल्यास मासिक भाड्याला त्या महिन्याच्या एकूण दिवसांनी भागून, किल्ली ताब्यात असलेल्या दिवसांनी गुणून भाडे आकारले जाईल, किल्ली घेतल्याचा आणि परत केल्याचा दोन्ही दिवस धरून. पण एकच दिवस दोन भाडेकरूंच्या हिशोबात नको. कागदच नसेल तर व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि 'ठीक आहे' एवढे उत्तर घ्या. पैसे फोन-पे ने देताना खाली लिहा, '19 ते 31 जुलै, 13 दिवस'. भांडणच नको असेल तर आणखी सोपे: भाड्याचा महिना 19 ते 18 असाच धरून घ्या, मग येताना तुकडा पडतच नाही. जाताना डिपॉझिटमधून काही कापायचे असेल तर ते लेखी मागा.

काकाजींकडे आम्ही दोनदा जाऊन बसलो. पहिल्यांदा चहा मिळाला, उत्तर नाही. दुसऱ्यांदा त्यांच्याच भिंतीवरचे कॅलेंडर काढून एप्रिलच्या पानावर पेन्सिलने दिवस मोजले, 12 इकडे आणि 15 तिकडे. बराच वेळ ते पानाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "हे तर मी कधी मोजलंच नाही जी." दुसऱ्या मुलाचे 1,200 रुपये मे महिन्याच्या भाड्यात वळते करायला ते तयार झाले. पहिल्या मुलाचे एप्रिलचे 1,440 त्याच संध्याकाळी त्याच्या खात्यात आले. जुलैचे मात्र "ते जुनं झालं आता" म्हणाले.

ते 1,393 रुपये 55 पैसे बाकी आहेत. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही पुन्हा त्यांच्या ओसरीवर बसणार आहोत. या वेळी जुलैचे पान घेऊन.